स्टेशनाच्या माथ्यावरील बाजार

आम्हां वाईकरांचें स्टेशन म्हणजे वाठार. तें वाईंत नाहीं, वाईपासून चांगलें दूर आहे. लहानपणीं तेथें जावयाचें म्हणजे पहाटे उठून, दशम्या बांधून, पहिल्या एस्. टी.नें निघावें लागे. गाडीस दोन तास अवकाश असला तरी तेथें विकत घेण्यासारखें कांहीं नसे. चहाचा एक गाडा, शेंगदाण्यांच्या पुड्या आणि फलाटावरील पाण्याचा नळ, एवढाच काय तो संभार. बाजार गांवांत असावयाचा व स्टेशन गांवाबाहेर, हीच सृष्टीची व्यवस्था आहे, अशी माझी समजूत साठी उलटेपर्यंत कायम होती. शिक्षकाची नोकरी संपवून तीन वर्षांपूर्वीं मी चिरंजीवांकडे नव्या मुंबईंत राहावयास आलों, आणि ती समजूत पहिल्याच आठवड्यांत मोडली. येथें स्टेशन खालीं आहे व बाजार त्याच्या माथ्यावर बसला आहे.

सीवूड्स-दारावे हें हार्बर मार्गावर नेरूळ आणि बेलापूर यांच्या मध्यें येणारें स्टेशन. नांवाचा पूर्वार्ध इंग्रजी व अलीकडचा. उत्तरार्ध आगरी-कोळ्यांच्या जुन्या गांवाचा. स्टेशनाभोंवतालची सुमारें ४० एकर जमीन सिडकोनें एका मोठ्या बांधकाम-कंपनीस दिली, आणि स्टेशन, कचेऱ्यांचे मनोरे व बाजार हें सर्व एकाच आराखड्यांत उभें राहिलें. बाजाराचा भाग २०१७ सालीं उघडला. त्याचा विस्तार जवळजवळ १० लाख चौरस फूट आहे. आमच्या वाईच्या वाड्याचें क्षेत्र, माजघर आणि परसू धरून, ३००० चौरस फूट भरे. म्हणजे असे तीनशेंहून अधिक वाडे येथें एकमेकांच्या खांद्यावर चढवून ठेवले आहेत असें समजावें. गाडींतून उतरलेला मनुष्य तिकिटाच्या खिडक्या मागें टाकतो, आणि रस्त्याचें ऊन वा पाऊस फारसा अंगावर न घेतां दुकानांच्या रांगेंत शिरतो. दाराशीं पिशव्यांची तपासणी होते. आंत सरकते जिने, कपड्यांचीं, पादत्राणांचीं, खेळण्यांचीं दुकानें. वर जेवणाखाणाच्या गाळ्यांचें मोठें दालन व सिनेमागृहें. २०२४ च्या जानेवारींत आगगाडी उरणपर्यंत गेली, तेव्हांपासून त्या बाजूच्या गांवांतील माणसेंही सुट्टीच्या दिवशीं मुलांबाळांसह येथें येऊन उतरतात.

पहिल्यांदा मी तेथें गेलों तो वैशाखांत. तीन खोल्यांच्या जागेंत आम्ही सात माणसें: मी, आमची ही, माझी थोरली विधवा बहीण आक्का, चिरंजीव, सूनबाई आणि एक नातू व एक नात. त्या दिवशीं दुपारपासून वीज गेली होती. नातू म्हणाला, 'आजोबा, मॉलमध्यें जाऊं या, तिथें एसी असतो.' थंडाव्यासाठीं दुकानांत जावयाचें, हें ऐकून मला प्रथम लाज वाटली. कांहीं घ्यावयाचें नसतां दुकानाची पायरी चढणें हें आमच्या घरीं हलकेपणाचें लक्षण समजत. परंतु उकाड्यानें आक्काचा जीव घाबराघुबरा होत होता, म्हणून निघालों.

सरकत्या जिन्यापाशीं आक्का थबकली. वय अठ्ठ्याहत्तर. पायऱ्या जमिनींतून उगवतात आणि वर जाऊन पुन्हां जमिनींत नाहींशा होतात, हें ती बराच वेळ पाहत राहिली व म्हणाली, 'जिनाच चढतो आहे, मग मी कशाला चढूं? तो वर जाऊन येऊं दे.' मागें माणसांची रांग लागली. शेवटीं तिला लिफ्टनें नेली. महिनाभरानें मात्र तीच नातीचा हात धरून जिन्यावर पाऊल ठेवूं लागली, आणि आतां तर उतरतांना आमच्या हिलाच सूचना देते. बाहेरचें अन्न न खाण्याचा तिचा नेम जुना. तो तिनें मोडला असें म्हणतां येणार नाहीं. कुल्फीपुरता त्याचा अर्थ बदलला. 'दुधाचें आहे,' एवढेंच ती म्हणाली, आणि धर्मशास्त्रांतील माझें ज्ञान मीं त्या प्रसंगीं आंवरून धरलें.

सूनबाईची कचेरी फोर्टांत. सकाळीं साडेसातला ती घर सोडते. सायंकाळीं बोरीबंदरास, म्हणजे आतांच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसास, पनवेलकडे जाणारी गाडी धरते. तासाहून अधिक प्रवास, आणि त्यांतला निम्मा उभ्यानें. घरीं येई ती हातपाय धुऊन थेट ओट्यापाशीं उभी राही. आमची ही मदत करी, पण गुडघ्यांनीं तिला जेरीस आणलें आहे. एका शुक्रवारीं चिरंजीवांनीं ठरविलें कीं आज घरीं कोणी स्वयंपाक करावयाचा नाहीं; सर्वांनीं स्टेशनावर जावयाचें, सूनबाई गाडींतून उतरली कीं वरच खावयाचें, तेथेंच आठवड्याचा किराणा घ्यावयाचा व रिक्षानें परतावयाचें. मीं विरोध केला. घरीं गॅस असतां सात पानें विकत मांडावयाचीं, हें मला पटेना. त्या दिवशींचा आंकडा हिशोबाच्या वहींत मीं तांबड्या शाईनें लिहिला. परंतु त्या रात्रीं साडेआठ वाजतां घरचीं सर्व माणसें एकत्र बसलीं होतीं, कोणी ओट्यापाशीं उभें नव्हतें, आणि शाळेंत घडलेली एक लांबलचक हकीकत नातू आपल्या आईस सांगत होता व ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत होती. पुढच्या शुक्रवारचा आंकडा मीं निळ्या शाईनें लिहिला.

आणखी एक गोष्ट सांगतों. अशा लेखांतून ती सांगण्याचा प्रघात नाहीं. माझ्या वयाच्या माणसास, आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीस, शहर किती मोठें आहे हें स्वच्छतागृहें किती अंतरावर आहेत त्यावरून ठरतें. मधुमेह झाल्यापासून मी मुंबईस जाणें टाळूं लागलों होतों. येथें मात्र मी दोन-दोन तास निर्धास्त हिंडतों. नगररचनेवर ग्रंथ लिहिणारांनीं ह्या विषयास एखादा तरी अध्याय द्यावा.

मला शब्दांचा व्यसनी म्हणतात, तेव्हां आतां शब्दाकडे वळतों. 'मॉल' ह्या शब्दाचा मूळ अर्थ दुकान असा मुळींच नाहीं. इटलींत लांकडी हातोड्यानें चेंडू टोलविण्याचा एक खेळ होता. तो फ्रान्सांतून इंग्लंडांत गेला, आणि लंडनमध्यें ज्या लांब, वृक्षराजीनें वेढलेल्या पट्टीवर तो खेळत, तिला 'मॉल' हें नांव पडलें. खेळ गेला, पट्टी राहिली, आणि तीवर लोक संध्याकाळीं पाय मोकळे करूं लागले. सिमल्यासारख्या थंड हवेच्या गांवीं इंग्रजांनीं 'मॉल रोड' केले ते ह्याच अर्थानें. म्हणजे ही मूळची हिंडावयाची जागा. खरेदी तिला मागाहून चिकटली. संस्कृतांत तर याहून मोठी मौज आहे. 'पण्' ह्या व्यवहारवाचक धातूपासून 'आपण' असा शब्द होतो, आणि त्याचा अर्थ दुकान किंवा बाजार. मराठींतील 'आपण' म्हणजे तुम्ही-आम्ही सर्व. हा दुसरा 'आत्मन्' शब्दाच्या घराण्यांतला, पहिल्याशीं त्याची सोयरीक नाहीं, हें मला ठाऊक आहे. वर्गांत एखाद्या मुलानें हे दोन एक केले असते तर मीं त्याचे गुण कापले असते. तरी त्या चकचकीत फरशीवरून चालतांना तें शब्दसाम्य कांहीं मनांतून जात नाहीं. हा 'आपण' आपला आहे काय?

जमिनीपासून पाहूं. १९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनीं 'मार्ग' नियतकालिकांतून अशी सूचना मांडली कीं मुंबई उत्तरेकडे लांबत न जातां खाडीपलीकडे पूर्वेस नवें शहर वसवावें. १९७० च्या मार्चमध्यें सिडको स्थापन झाली व ९५ गांवांच्या जमिनी ह्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें. भातखाचरें, मिठागरें, मासळीच्या खाड्या यांवर जगणारीं तीं गांवें. मोबदल्यासाठीं दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालीं आंदोलन झालें. १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांत जासईच्या परिसरांत गोळीबार होऊन पांच शेतकरी प्राणास मुकले. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याची योजना आली. स्टेशनाबाहेर पाटी घेऊन भाजी विकावयास बसणारी कराव्याची एक म्हातारी आहे. आतां जेथें गाड्या उभ्या करतात त्या बाजूस आपल्या सासऱ्याचें खाचर होतें, असें ती हात करून दाखविते. तिच्या हाताच्या दिशेनें मीं पुष्कळदां पाहिलें; खांबाखेरीज कांहीं दिसत नाहीं. आंतल्या भाजीचा भाव तिला ठाऊक असतो, आणि ती त्याहून दोन रुपये कमी सांगते.

आगगाडी ह्या शहरास उशिरा आली. १९९२ सालीं मानखुर्दहून खाडी ओलांडून ती वाशीस पोंचली, १९९८ पर्यंत पनवेलास. ह्या मार्गांच्या खर्चांतील ६७ टक्के वांटा सिडकोनें उचलला, उरलेला रेल्वेनें. नगर वसविणारानें आगगाडीसाठीं एवढा पैसा कां मोजावा? तर स्टेशन झालें कीं भोंवतालच्या जमिनीस मोल चढतें, आणि ती जमीन ज्याच्या हातीं असेल त्याचा खर्च भरून निघतो. स्टेशनाच्या माथ्यावर कचेऱ्या व गाळे बांधण्याची रीत म्हणूनच वाशीपासून सुरू झाली. सीवूड्स हें तिचें सर्वांत भरभक्कम रूप. उतारू बाजारास पोसतात, बाजार स्टेशनास. आणि उतारूंनीं दुकानांत न शिरतां सरळ घरीं जावें अशी कोणाचीच इच्छा नसते.

हा विचार आमच्या देशांत नवा असला तरी जगांत जुना आहे. जपानांत कोबायाशी इचिझो या गृहस्थानें १९१० सालीं ओसाका शहरापासून बाहेरच्या खेड्यांकडे जाणारी विजेची आगगाडी सुरू केली. वाटेंत वस्ती विरळ. उतारू कोठून मिळणार? तेव्हां त्यानें रुळांलगत घरें बांधून तीं हप्त्यांनीं विकलीं, म्हणजे उतारूंची पैदास घरींच झाली. दुसऱ्या टोंकास, ताकाराझुका येथें, नाट्यगृह काढलें. म्हणजे सुट्टीच्या दिवशींही गाड्या रिकाम्या जाईनात. आणि १९२९ सालीं ओसाकांतील उमेदा स्टेशनाशींच बहुमजली दुकान थाटलें. वरच्या मजल्यावर उपाहारगृह होतें. इतक्यांत जगभर मंदी आली. तरुण कारकून येत आणि केवळ भाताची थाळी मागवीत. कारण भात पांच सेनला मिळे आणि टेबलावरच्या बाटलींतील चटणीसारखें पातळ सॉस फुकट असे. तें भातावर ओतून ते जेवत. नोकरांना हा प्रकार आवडेना. कोबायाशीनें उलट पाटी लावविली कीं नुसता भात मागविणाऱ्या गिऱ्हाइकांचें येथें स्वागत आहे. त्याचें म्हणणें, आज हे गरीब आहेत. उद्यां ह्यांचीं लग्नें होतील, मुलें होतील, आणि आपण कोठें जेवत होतों याची आठवण ठेवून तीं मुलें घेऊन हे येथेंच येतील. ह्यांत धूर्तपणा किती व दया किती याचा निवाडा मी करूं शकत नाहीं. दोन्ही एकाच ताटांत वाढलेलीं दिसतात.

ओसाकाच्या त्या पाटीची आठवण मला वारंवार होते, कारण अशा जागीं फुकट बसणाराचें काय करावें हा प्रश्न अजून सुटलेला नाहीं. १९९९ सालीं मुंबईंत हाजी अलीजवळ 'क्रॉसरोड्स' उघडलें तेव्हां गर्दी आंवरण्यासाठीं कांहीं काळ असा नियम होता कीं ज्याच्यापाशीं मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड असेल त्यानें सरळ आंत यावें, इतरांनीं साठ रुपये भरावे. तो नियम टिकला नाहीं, हें बरें झालें. आंत आल्यावर बसण्याचा नियम मात्र कोणी लिहीत नाहीं. तो बांकांच्या संख्येंत लिहिलेला असतो. गेल्या वर्षीं एका लग्नाच्या निमित्तानें परगांवीं गेलों असतां तेथील एका मॉलमध्यें थोडा वेळ काढावा लागला. नांव सांगण्याचें कारण नाहीं. बांकें भरलेलीं होतीं, म्हणून एका रुंद पायरीवर टेकलों. एक कोवळा पहारेकरी जवळ आला आणि अगदीं अदबीनें म्हणाला, 'आजोबा, इथें बसायचें नाहीं.' मी विचारलें, 'मग कोठें बसूं?' त्यानें वर बोट दाखविलें. वर कॉफीचें दुकान होतें. मी उठलों. रागावण्याचें मनांत होतें. पण त्याच्या पायांकडे दृष्टि गेली. सकाळपासून तो उभा होता, आणि त्याला बसावयास खुर्ची नव्हती.

व्हिक्टर ग्रूएन नांवाचा व्हिएन्नाचा एक शिल्पज्ञ होता. हिटलरच्या भयानें तो अमेरिकेस गेला, आणि १९५६ सालीं मिनेसोटांत त्यानें साउथडेल येथें चारी बाजूंनीं बंद, वातानुकूल असा पहिला मॉल बांधला. व्हिएन्नाच्या चौकांत माणसें जशीं गप्पा मारीत बसतात, तसा चौक मोटारींनीं विखुरलेल्या अमेरिकेस द्यावा, भोंवतीं घरें, शाळा, बगीचे असावे, असा त्याचा हेतु होता. दुकानें राहिलीं, बाकीचें राहून गेलें. उतारवयांत तो मायदेशीं परतला, आणि जगभर पसरलेल्या ह्या अपत्यांचें पितृत्व त्यानें उघडपणें नाकारलें.

आमच्या सीवूड्सच्या मॉलशीं तर माझें नातें आतां कागदोपत्रीं जडलें आहे. ज्या न्यासाकडे त्याची मालकी आहे तो २०२३ च्या मे महिन्यांत शेअरबाजारांत आला. १०० रुपयांस एक युनिट. चिरंजीवांनीं माझ्या नांवें कांहीं युनिटें घेतलीं व म्हणाले, 'बाबा, आतां तुम्ही मालक.' मीं कागद घेऊन हिशोब मांडला. माझ्या वांट्यास एका फरशीचा कोपरासुद्धां येत नाहीं. एका पायावर उभें राहतां येईल, बसतां येणार नाहीं.

हा लेख लिहावयास घेतला तेव्हां त्याचा शेवट माझ्या मनांत तयार होता. वाईचा गणपती घाट, कृष्णेच्या पाण्यांत उतरणाऱ्या पायऱ्या, १७६२ सालीं गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं बांधविलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ. रास्ते हे सावकार होते, पण त्यांच्या मंडपांत टेकावयास कोणी कांहीं विकत घेतलें पाहिजे असें नव्हतें. आणि आमच्या आळींतला पिंपळाचा पार. शाळा सुटल्यावर आम्ही शिक्षक मंडळी तेथें बसत असूं. सरकार, पीकपाणी, रघुवंशाची टीका, यांतील कोणत्याही विषयास मज्जाव नव्हता. उन्हाळ्यांत तर रात्रीं दहा दहा वाजेपर्यंत सभा उठत नसे. असा पार ह्या नव्या शहरांत कोणी बांधला नाहीं, असें लिहून लेख संपवावा, असा बेत होता. एका रात्रीं जेवतांना तो मीं बोलून दाखविला. चिरंजीवांनीं मान डोलविली. सूनबाई वाढीत होती. ती म्हणाली, 'बाबा, रागावणार नसलात तर एक विचारूं? त्या पारावर आई कधीं बसल्या होत्या का?'

मीं हिच्याकडे पाहिलें. ही हंसली.

'पारावर? पारावरून जावें लागूं नये म्हणून मी मागच्या बोळानें भाजीला जात असें. तिथें हे सगळे मास्तर बसलेले असायचे.'

'आणि घाटावर?'

'घाटावर आम्ही धुणीं धुवायला जात होतों,' आक्का म्हणाली. 'नुसतें बसलें तर आई विचारायची, घरांतलीं कामें संपलीं का म्हणून.'

नातीनें विचारलें, 'मग तुम्ही कुठें बसायचात?' दोघींनीं एकमेकींकडे पाहिलें. थोडा वेळ विचार करून ही म्हणाली, 'विहिरीपाशीं. दोर दुसरीच्या हातांत असेपर्यंत.'

मी पुढें कांहीं बोललों नाहीं. ताटांतील आमटीभात संपविला. तीस वर्षें मी त्या पारावर बसलों, आणि तेथें कोण नाहीं हें एकदांही माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. ज्यास आपण सर्वांची जागा म्हणत होतों ती अर्ध्या गांवाची होती. मॉलमध्यें जमणाऱ्या माणसांकडे त्यानंतर मी निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. कॉलेजांतल्या मुली दोघी-तिघी एकाच शीतपेयांत दोन नळ्या घालून तासभर बसतात. एक प्रौढ बाई, बहुधा शिक्षिका, टेबलावर वह्या तपासते. तिच्या तांबड्या खुणा पाहून माझे हात शिवशिवतात. बुरखा घेतलेल्या दोन बहिणी बाळाची गाडी मध्यें ठेवून फलाहार करीत असतात. त्यांच्याकडे कोणी टक लावून पाहत नाहीं, कोठून आलांत असें कोणी पुसत नाहीं. बसण्याची किंमत त्यांना द्यावी लागते हें खरेंच. पण ती एका पेल्याची असते, आणि पारावर ती कोणत्याही भावानें मिळत नव्हती. लेखाचीं शेवटचीं चार पानें मीं फाडून टाकलीं.

त्यानंतरच्याच शुक्रवारची गोष्ट. नातवंडांची परीक्षा असल्यामुळें त्या दिवशीं मी एकट्यानेंच स्टेशनावर जावें, सातच्या गाडीनें सूनबाई येईल, तिच्याबरोबर सामान घेऊन परतावें, असें ठरलें होतें. माझ्या पिंडांतच घाई; मी साडेसहाच्या आधींच पोंचलों आणि वेळ काढण्यासाठीं वर गेलों. जेवणाच्या दालनांत एका खांबाच्या आडोशास सूनबाई बसली होती. पुढ्यांत कॉफीचा पेला. हातांत फोन नव्हता, पुस्तक नव्हतें. ती कोणाची वाट पाहत नव्हती. वाट पाहणारें माणूस दाराकडे पाहतें, ती कोठेंच पाहत नव्हती. चपला काढून तिनें पाय समोरच्या खुर्चीच्या दांडीवर टेकले होते. घरीं मीं तिला तशी बसलेली कधीं पाहिली नाहीं.

सातची गाडी ती कित्येक महिने सांगत आली आहे.

पुढें होऊन हांक मारावी असें क्षणभर वाटलें. मग मी वळलों, सरकत्या जिन्यानें खालीं आलों आणि तिकिटाच्या खिडक्यांजवळ, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेंतून जरा बाजूस, उभा राहिलों. अर्धा तास गेला. सातच्या सुमारास एक गाडी येऊन लागली, माणसांचा लोंढा बाहेर पडला, आणि त्याच वेळीं जिन्याच्या बाजूनें, खांद्यावरची पिशवी नीट करीत, सूनबाई त्या लोंढ्यांत मिसळली व माझ्यापाशीं आली.

'फार वेळ थांबलात का, बाबा?'

'छे, आत्तांच आलों,' मी म्हणालों.